दोन सायकली आणि तिसरं ओझं

काळी सायकल रस्त्यावर पडली तेव्हा मी तिच्याकडंच बघत होते. गाडी दौलताबादचा घाट चढत होती आणि मी मागच्या सीटवर गुडघे टेकून मागच्या काचेतून बघत बसले होते. आधी गाडीच्या मागं सायकली टांगलेला स्टँड खाली वाकला, जनावर पाणी प्यायला मान घालतं तसा. मग लोखंड डांबराला घासलं, ठिणग्या उडाल्या आणि काचेतून दोन्ही सायकली एकदम नाहीशा झाल्या. एक कठड्यावरून दरीत गेली. दुसरी, काळी, पाण्याच्या दोन कॅनसकट उतारावरून मागं घसरत निघाली. मागून मोटरसायकल येत होती, पुढं गडी, मागं बाई. गड्यानं हँडल वळवलं. मोटरसायकल कडेच्या कोरड्या नालीत गेली आणि गडी तिच्याही पुढं जाऊन पडला. उठला नाही.

माझी नात अश्विनी गाडी चालवत होती. गाडी थांबवून तिनं दोन्ही हात तसेच स्टिअरिंगवर ठेवले आणि विचारलं, "आजी, काय तुटलं?"

मी म्हणाले, "उतर. माणूस पडलाय."

ते कॅन मी बांधले होते. तेव्हा हा प्रवास मीच लिहिलेला बरा.

लागोपाठ तिसऱ्या वर्षी पाऊस नव्हता. शहराच्या पाटीवर तेव्हा औरंगाबाद होतं, आता छत्रपती संभाजीनगर आहे. नळाला पाणी आठवड्यानं यायचं, आणि तरी शहर थांबत नव्हतं. आमचं घर पश्चिमेच्या कडेला आहे. लग्न होऊन मी आले तेव्हा घराच्या मागं माळ होता आणि माळावर आमची मेंढरं बसायची. माळाचे प्लॉट झाले, प्लॉटच्या इमारती झाल्या, मेंढरं विकली. माझी धाकटी बहीण किसाबाई खुलताबादच्या पलीकडं, फुलंब्रीच्या रस्त्याला असलेल्या एका गावात दिली. तिची मेंढरं राहिली.

दुष्काळात मेंढरं गावात ठेवता येत नाहीत. त्यांना गोदावरीच्या अंगाला, जिथं काहीतरी हिरवं असेल तिथं न्यावं लागतं. घरात जेवढे हात तेवढे कळपामागं जातात. किसाबाईची नात सुमन नववीत होती आणि शाळा फुलंब्रीला, घरापासून सात-आठ किलोमीटर. शाळेच्या वेळेला गावात कुठलीच गाडी नव्हती. आतापर्यंत बाप सोडायचा, तो आता कळपाबरोबर निघणार होता. किसाबाईनं फोनवर मला सरळ सांगितलं, "आक्का, सोमवारी तांबडं फुटायला निघायचंय. दारात सायकल लागली तर पोरगी चुलतीपाशी ऱ्हाईल. नाय लागली तर मेंढरामागं यील."

मला चौथीनंतर असंच नेलं होतं. तेव्हा वाईट वाटलं का, असं अश्विनीनं एकदा विचारलं. मला आठवत नाही. वाचायला-लिहायला येतं, तेवढं मागं राहिलं.

औरंगपुऱ्यात एक जुनी पण धड सायकल मिळाली. काळी, जड, मागं कॅरिअर असलेली. अश्विनी म्हणाली, मी माझी सायकल पण घेते, सुमनबरोबर एकदा शाळेपर्यंत जाऊन येते, वळणं दाखवते. तिची सायकल गिअरची, काडीसारखी हलकी. दोन सायकली आमच्या छोट्या गाडीत मावेनात. तिच्या एका मैत्रिणीनं परदेशी जाताना सायकली टांगायचा लोखंडी स्टँड तिला देऊन टाकला होता. तो गाडीच्या मागं बसतो, पण त्यासाठी गाडीला हिच (मागच्या बंपरखाली जोडलेला चौकोनी लोखंडी पाईप) लागतो. आमच्या गाडीला तो नव्हता.

औरंगपुऱ्याच्या पलीकडच्या गल्लीत सलीमभाईंचं वेल्डिंगचं दुकान आहे. जन्मभर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचे आकडे जोडलेला माणूस. त्यांनी गाडीखाली सतरंजी टाकली आणि पाठीवर आत सरकले. बराच वेळ नुसतेच पडून राहिले. मला वाटलं झोपले. मग आतून म्हणाले, गाडी नाजूक आहे, वेल्डिंग थेट मारता येणार नाही, आडवी पट्टी घालून बोल्टानं आवळतो आणि पट्टीला पाईप जोडतो. संध्याकाळपर्यंत काम चाललं. मी समोरच्या पायरीवर बसून ठिणग्या बघत होते. बघू नका, डोळे जातील, असं त्यांनी दोनदा सांगितलं. काम झाल्यावर ते स्वतः त्या पाईपवर उभे राहिले आणि दोन उड्या मारल्या. गाडी हलली, पाईप हलला नाही.

मग स्टँड पाईपमध्ये सरकवून खीळ लावली आणि आम्हा दोघींना समोर उभं करून म्हणाले, "अम्मा, दो सायकलां, बस. तीसरी चीज नक्को. ये दांडा दूर निकलता ना, दूर का वजन भारी पडता."

मी ऐकलं. बहिरी नाही.

रविवारी सकाळी सामान भरलं. दुष्काळात आम्ही कुणाच्या दारात पाण्याशिवाय जात नाही. पाहुण्यानं स्वतःच्या तोंडापुरतं पाणी न्यायचं आणि घरासाठी वर थोडं, ही आमची जुनी रीत. डिकीत मेंढरांसाठी सरकीच्या पेंडीचं पोतं होतं, पुढच्या सीटवर ज्वारी, पायाशी सहा कॅन. दोन कॅन उरले. अश्विनी गॉगल आणायला वर गेली होती. मी घरातला सोल (हातानं वळलेला दोर) काढला आणि ते दोन कॅन सायकलींच्या मध्ये स्टँडच्या दांड्याला बांधले, एक डावीकडं, एक उजवीकडं, तराजूसारखे. वर घोंगडी टाकली. आमच्यात बिऱ्हाड घोड्यावर लादतात. दोन्ही बाजू सारख्या असल्या की घोडं कितीही वाहतं, हे मला पाचव्या वर्षापासून माहीत. वेल्डिंगवाल्याला घोड्याचं काय कळतं, असं मला वाटलं.

अश्विनीनं घोंगडी बघितली आणि विचारलं, हे कशाला? मी म्हणाले, धूळ बसते.

मी गाडीत नेहमी मागं तोंड करून बसते. अश्विनी पट्टा लाव म्हणते, मी लावत नाही. कळपाच्या पुढं चालणाऱ्या माणसाला सारखं मागं बघायची सवय लागते, ती गेली नाही. त्या दिवशी काचेपलीकडं दोन सायकली टांगलेल्या होत्या. गाडीनं वेग घेतला तशी त्यांची चाकं वाऱ्यानं आपोआप फिरायला लागली. वर कुणी बसलेलं नाही, जमीन लागत नाही, आणि चाकं फिरतायत. हलकीची जोरात, जड सायकलीची सावकाश. त्यांच्या तारांमधून मला शहर दिसत होतं, आणि तारा फिरत असल्यामुळं ते कापलं जाऊन पुन्हा जोडलं जात होतं. छावणी गेली. पडेगाव गेलं. एका मोठ्या फलकावर निळा पोहायचा तलाव काढलेला, खाली फ्लॅट बुक करा असं लिहिलेलं. त्याच जागेवर आमच्या एका मेंढीला जुळं झालं होतं. फलक लहान झाला, तारांमध्ये गेला, संपला.

मागं बघणाऱ्याला प्रत्येक गोष्ट ती गेल्यावर दिसते. देवगिरीचा किल्ला अश्विनीला आधी दिसला. ती बघ म्हणाली, पण माझ्या काचेत यायला त्याला वेळ लागला. फाल्गुनातच झळा उठत होत्या. त्यात डोंगराचा पायथा पुसला गेला होता आणि वरचा किल्ला तेवढा हवेत सुटा उभा होता. रस्त्यावर मृगजळ होतं. आमच्या मागून ते सारखं येत होतं आणि पोचत नव्हतं. मेंढरं मृगजळाला फसत नाहीत. त्यांना पाण्याचा वास लागतो.

दौलताबादला उसाचा रस प्यायला थांबलो. ऊस कुठून आणला, असं मी रसवाल्याला विचारलं. तो हसला आणि पेला पुढं केला. रस पातळ होता, बर्फच जास्त. पेरूच्या बागा वाळून काटक्या झाल्या होत्या. गावातल्या गतिरोधकांवरून जाताना मी पहिल्यांदा बघितलं की स्टँड मान हलवतोय. पेंगणारा माणूस मान हलवतो तसा, खाली, वर, खाली. माझ्या लक्षात आलं. अश्विनीला सांगायचं तर घोंगडीखाली काय आहे ते सांगावं लागलं असतं. मी बोलले नाही. जुन्या दरवाज्याच्या कमानीखालून एका वेळी एकच गाडी जाते, तिथं थांबलो तेव्हा सांगावं असं पुन्हा वाटलं. समोरून पाण्याचा टँकर आला, वाट झाली, घाट लागला.

घाटात ऊन काचेवर आलं आणि मला गुंगी आली. सायकलींच्या चाकांची सावली माझ्या हातांवर फिरत होती. बाप पुढं चाललाय, घोड्यावर भांडी वाजतायत आणि कुणीतरी मला सारखं हो म्हणतंय, असं काहीसं दिसत होतं. हो म्हणणारा तो स्टँड होता. मग तो वाकला.

पडलेल्या माणसाचं नाव बाबूराव, दौलताबादचा. मागं बसलेली त्याची बायको शांताबाई. तिला खरचटण्यापलीकडं काही झालं नव्हतं आणि ती नवऱ्याच्या छातीवर हात आपटत होती. मी खाली बसून त्याच्या नाकाशी बोट धरलं. श्वास होता. कॅनपैकी एक फुटून रस्ता काळा झाला होता. दुसऱ्यात थोडं उरलं होतं, ते त्याच्या तोंडावर मारलं. त्यानं डोळे उघडले, उठायला गेला आणि ओरडला. उजव्या बाजूचं गळ्याखालचं हाड कातडीच्या आतून वर आलेलं दिसत होतं.

शांताबाईनं आधी नवऱ्याकडं बघितलं, मग ओल्या रस्त्याकडं, मग सोल बांधलेल्या कॅनकडं. मग माझ्याकडं.

"म्हातारे," ती म्हणाली, "सायकलीला पाणी पाजत होतीस व्हय?"

मी म्हणाले, "त्याला गाडीत घ्या."

बाबूरावला आडवा घ्यायचा तर गाडीत जागा नव्हती. पेंडीचं पोतं, ज्वारी, सहा कॅन, सगळं रस्त्याच्या कडेला काढलं. पोतं अश्विनीनं एकटीनं ओढलं. तेवढ्यात तिनं मला विचारलं, "मला का नाही सांगितलंस?"

"तू सोडून ठेवले असतेस."

"हो."

"म्हणून."

बाबूराव आणि शांताबाईला घेऊन ती खुलताबादच्या सरकारी दवाखान्याकडं गेली. मी सामानाजवळ राहिले.

मग घाटात बराच वेळ कुणी नव्हतं. मी पोत्यावर बसले. काळ्या सायकलीचं पुढचं चाक पापडासारखं वाकलं होतं, बाकी अंग धड होतं. कठड्यावरून खाली बघितलं तर अश्विनीची सायकल एका बाभळीत अडकली होती, जमिनीपासून माणूसभर वर. तिचं मागचं चाक अजून फिरत होतं. वारा घाटातून वर येत होता आणि ते चाक फिरवत होता. खाली दरीत एकही पान हिरवं नव्हतं. दूरवर शहर होतं, धुरकट, पसरलेलं. एवढ्या लांबून ते माळावर बसलेल्या कळपासारखं दिसतं. तो माणूस मेला तर काय करायचं, याचा मी विचार केला. काही करता येणार नव्हतं. सोमवारचं तांबडं फुटेल तेव्हा मेंढरं निघणार होती, ते कुणासाठी थांबणार नव्हतं. आणि चाक वाकलेलं होतं. सुमन माझ्यामुळं कळपामागं जाणार, हे मला तिथं नीट दिसलं. डोळ्यांत पाणी वगैरे आलं नाही. ऊन फार होतं.

शेवटी एक भरलेला टँकर वर चढत आला. ड्रायव्हरनं खिडकीतून मान काढली.

"मावशी, सायकल चालवत आलात व्हय?"

"नाय. पाडत आले."

तो उतरला. नालीतली मोटरसायकल बघितली, रस्त्यावरचं ओलं बघितलं. मोटरसायकल सरळ करून त्यानं कडेला लावली. सायकल टँकरच्या शिडीला बांधली. पोती आणि कॅन केबिनमध्ये चढवताना मात्र थांबला. म्हणाला, इतकी वर्षं टँकर चालवतोय, पण टँकरमध्ये वरून कुणी पाणी आणून घातलं नव्हतं.

टँकरनं मी खुलताबादला पोचले तेव्हा दवाखान्याच्या दारात अश्विनी उभी होती. बाबूराव शुद्धीवर होता, हात गळ्यात बांधला होता, डोक्याचा फोटो काढायला शहरात न्यायला सांगितलं होतं. त्याचा भाऊ गाडी घेऊन आलाच. निघताना शांताबाई माझ्यासमोर येऊन उभी राहिली. मला वाटलं आता शिव्या देईल. तिनं विचारलं, एवढं पाणी कुणासाठी चाललं होतं? मी सगळं सांगितलं, बहीण, मेंढरं, सुमन, शाळा. ती ऐकत राहिली आणि म्हणाली, "मग बसलीयस काय हितं? चाक नीट कर जा."

चौकात पंक्चरचं दुकान होतं. दुकानदार म्हणाला, रिम नवीनच लागेल, आज रविवार, मिळणार नाही. मी म्हणाले, जुनी कर. त्यानं चाक जमिनीवर ठेवलं, दोन्ही पायांनी त्यावर उभा राहिला, मग दाराच्या फटीत धरून वाकवलं, मग एकेक तार आवळत आणि ढिली करत बसला. आम्ही चहा घेतला, भजी खाल्ली. अश्विनीनं सकाळपासून काही खाल्लं नव्हतं, तिनं दोन ताटल्या संपवल्या. उन्हं उतरेपर्यंत चाक फिरायला लागलं. थोडी लचक राहिली होती. म्हातारीच्या चालीसारखी आहे, पण पोचवेल, असं दुकानदार म्हणाला आणि माझ्याकडं न बघता हसला.

सायकल गाडीच्या टपावर घेतली, खाली घोंगडी, वर सोल. या वेळी मधोमध.

बहिणीच्या गावात पोचलो तेव्हा दिवस बुडत होता. वाड्यात (मेंढरं बसवायच्या कुंपणात) धूळ उठली होती आणि त्या तांबूस धुळीत मेंढरं निम्मी दिसत होती, निम्मी नाही. किसाबाई बाहेर आली. तिनं टपाकडं बघितलं नाही. विचारलं, "पाणी किती आणलंस?"

"आठ कॅन भरले व्हते. सहा ऱ्हायले."

"दोन कुठं गेले?"

मी सांगितलं. दांडा कुठून कुठं होता ते हातानं दाखवलं. तिनं नीट ऐकून घेतलं. आम्ही दोघी एकाच घोड्यावर बिऱ्हाड लादायला शिकलो.

"आक्का," ती म्हणाली, "घोड्याच्या शेपटीला वझं बांधलंस व्हय गं तू?"

तेव्हा मला कळलं. सलीमभाई हेच सांगत होते. डावी-उजवी मी बरोबर केली होती. पण वजन पाठीवर नव्हतं, शेपटीला होतं. साठ वर्षं हे काम येतं असं मी समजत होते.

सुमननं सायकल उतरवून घेतली. पुढचं चाक उचलून फिरवलं, त्याची लचक बघितली आणि विचारलं, "आजी, हिला काय झालंय?" अश्विनी म्हणाली, पडली होती. सुमन म्हणाली, "चालंल." मग वाड्याभोवती धुळीतून चकरा मारत राहिली. दिसायची, नाहीशी व्हायची, पुन्हा दिसायची. जेवायला भाकरी, ठेचा आणि हरभऱ्याची वाळवलेली भाजी होती. पाणी माझं होतं, प्रत्येकानं बेतानं प्यालं.

सकाळी तांबडं फुटायला कळप निघाला. पुढं सुमनचा बाप, मधे घोडं, त्यावर बिऱ्हाड दोन्ही बाजूंना सारखं, मागं किसाबाई. जाताना तिनं दारात लावलेल्या सायकलीच्या सीटवर एकदा हात ठेवला, आणि गेली. सुमन चुलतीशेजारी दप्तर घेऊन उभी होती.

शाळेच्या वेळेला ती निघाली. आम्ही गाडी हळू चालवत मागं राहिलो, फुलंब्रीपर्यंत. त्या दिवशी मी पुढं तोंड करून बसले. समोर सायकल लचकत होती आणि पोरीची पाठ ताठ होती. शाळेच्या फाटकातून ती वळली, मागं बघितलं नाही. आम्ही फुलंब्रीवरून सरळ शहराचा रस्ता धरला.

सलीमभाईंकडं गाडी दाखवली. ते पुन्हा सतरंजीवर आत सरकले. त्यांचा पाईप जागच्या जागी होता, तुटला होता तो स्टँडचा दांडा. बाहेर येऊन हात पुसत त्यांनी एवढंच विचारलं, "तीसरी चीज?" मी म्हणाले, "पाणी." त्यांनी मान हलवली. पाणी म्हटल्यावर त्या वर्षी कुणी जास्त बोलत नव्हतं. पाईप अजून गाडीखाली आहे. त्याला काही टांगत नाही.

महिन्यानं दौलताबादला बाबूरावला बघायला गेलो. उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. झाडावरचे पेरू आता शांताबाई काढेल, असं तो म्हणाला, पेरू लागले तर. मी चूक माझी होती म्हणाले. तो म्हणाला, माहीत आहे. शांताबाईनं चहा दिला. येताना घाटात थांबून खाली बघितलं. बाभळीत सायकल नव्हती. कुणी नेली असेल तर चालवत असावा.

पाऊस आल्यावर कळप परत आला, बराच कमी होऊन. किसाबाईही परत आली. सुमन नववी पास झाली, ती सायकल दहावीलाही चालली.

त्या दुपारी घाटात आम्ही चार माणसं होतो. बाबूराव, शांताबाई, अश्विनी आणि मी. चौघंही जगलो.